पालखी क्रमांक सदतीस

आडेवठार, ६ फेब्रुवारी

चि. गुरुप्रसाद,

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या वागण्यावर ठेवले असते तर तीन वर्षांपूर्वीच बंद झाले असते.

फोन करत नाही, कारण तुझा फोन भलताच कुणी उचलतो आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो. मंत्री आहेत ते साहेब, तू त्यांचा पीए. तुलाही साहेब म्हणायला लागलेत हे मला त्या फोनवाल्याकडूनच कळलं. म्हणून पत्र. पत्र तुमच्या संपर्क कार्यालयात आवक होतं, त्याच्यावर शिक्का बसतो, आणि शिक्क्याचा कागद तू वाचल्याशिवाय सोडत नाहीस हे मला ठाऊक आहे. रत्नागिरीत राहणाऱ्या सख्ख्या भावाला आडेवठारहून पोस्टाने गाठायचं! आईबाबांच्या मागे तुला हाताला धरून वाढवला तो ह्याच्यासाठी?

असो. कामाचं लिहिते.

काल प्रशासक आले होते. तुझ्याच कृपेने आपल्या देवळावर बसलेले. वरच्या आणि खालच्या वाडीचं पहिल्या नारळाच्या मानावरून वाजलं, एक शिमगाभर कुणी कुणाशी बोललं नाही, एवढंच झालं होतं. असली भांडणं आपल्याकडे दर पिढीला होतात आणि आपली आपण मिटतात. तू म्हणालास, मी मिटवतो. मिटवलंस म्हणजे काय केलंस, तर पावणाईच्या देवळावर सरकारी माणूस आणून ठेवलास. "सहा महिन्यांपुरता, आक्का." आता चौथा शिमगा आला. सरकारचा पाहुणा जातो होय कधी?

विनीत नाव त्या पोराचं. वाईट नाही. अकरा देवळं त्याच्या गळ्यात बांधलीत, एकाही देवाची जत्रा कधी ते धड सांगता येत नाही बिचाऱ्याला. कोकम सरबत दिलं, ते प्यायला, आणि मग पिशवीतून परिपत्रक काढलं. सोळा मार्चला रत्नागिरीत मैदानावर 'पालखी महासंगम'. जिल्ह्यातल्या पालख्या एका मांडवात, समोर साहेब, वरून कॅमेरा. पालखी न्यायला फुलांनी सजवलेला टेम्पो येणार. चार वाजता मैदानात हजर. गाऱ्हाणं घालायचं नाही, कारण वेळ नाही. खांदेकऱ्यांनी साहेबांचा फोटो असलेले शर्ट घालायचे. आणि आपल्या पावणाईला नाव नाही, नंबर आहे. पालखी क्रमांक सदतीस.

मी विचारलं, "मेल्या, देवीला नंबर देतोस? रेशनच्या रांगेत उभी आहे काय ती?"

तर म्हणाला, "मॅडम, वरून आलंय."

सगळं वरूनच येतं हल्ली. खालून काही जातच नाही.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. आपली पावणाई गावाची शीव ओलांडत नाही. शिमग्यात रुपं, म्हणजे ते चांदीचे मुखवटे, लागली की ती पालखीत बसते, होम झाला की सहाणेच्या ओट्यावर विसावते, आणि मग गावातल्या दर घरी जाते. दारात नाचते, ओटी घेते, नारळ घेते, पुढच्या घरी जाते. शिवेपर्यंत. शिवेवरच्या दगडाला नारळ द्यायचा आणि मागे फिरायचं. हे मी केलेलं नाही, तू केलेलं नाही, सरकारने तर नाहीच नाही. ज्यांनी केलं त्यांची नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत, आणि तरी ते चाललंय. सोळा तारखेला तर घरं घ्यायचे ऐन दिवस. देवी गावातल्या दारांत असायची ती तुमच्या मांडवात उभी राहणार?

तुझ्या साहेबांना सांग. पालखी येणार नाही.

आक्का


आडेवठार, १५ फेब्रुवारी

गुरू,

तुझं उत्तर मोबाईलवर पोचलं. "आक्का, आपली संस्कृती जगासमोर नेतोय. उगाच राजकारण करू नकोस." आणि खाली जोडलेले हात. वा रे वा. राजकारण मी करते?

तीस वर्षं मी ह्या पक्षाचं बूथ लावलं. तू कॉलेजात होतास, तेव्हापासून. लोक हसायचे. वरच्या वाडीतून दोन मतं पडायची, एक माझं आणि एक कुणाचं ते अजून कळलं नाही. तेव्हा आपले पुढारी एसटीने यायचे, आपल्या ओटीवर पिठलं-भात जेवायचे आणि सांगायचे, "बायांनो, सरकारने रस्ता द्यावा, न्याय द्यावा आणि बाजूला व्हावं. तुमचं घर, तुमचं देऊळ, तुमच्या रीतीभाती, ह्यात आम्ही बोट घालणार नाही." हे ऐकून मी पक्षात आले रे! कुणाच्या टोपीचा रंग बघून नाही आले.

आणि आता आपलंच सरकार. परसातला फणस पडायला आलाय, घरावर झुकलाय, तर तोडायला परवानगी. कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या विकायच्या तर परवाना, आणि परवान्याला माझा फोटो. अंगणवाडीत होते तेव्हा शेवटी शेवटी पोरांच्या तोंडात घास जायच्या आधी त्याचा फोटो काढून वर पाठवायला लागायचा. पोर भुकेने रडतंय आणि मी रेंज शोधत आंब्याखाली फिरतेय. मी तेव्हा गप्प बसले. म्हटलं, आपली माणसं आहेत, शिकतील. फाट्यापासूनचा रस्ता मात्र अजून तसाच, दगडगोट्यांचा. जे करायचं ते करत नाहीत, आणि जे करायचं नाही तिथे पहाटेपासून हजर.

हेच जर समोरच्यांच्या सरकारने केलं असतं, देवळावर माणूस बसवला असता, देवीला नंबर दिला असता, तर तू काय केलं असतंस? खरं सांग. मी आणि तू झेंडा घेऊन फाट्यावर आडवे पडलो असतो. आणि आता आपले आहेत म्हणून चालतं? चोर घरातला असला की त्याला चोरी माफ?

काल ग्रामसभा झाली. सरपंच आम्रपाली आहे हे तुला माहीत असेलच, बौद्धवाडीतली, शिकलेली, कडक पोरगी. मला वाटलं, ती कशाला आमच्या पालखीत पडेल? ती उभी राहिली आणि म्हणाली, "हौसाक्का, तुमची देवी मी पूजत नाय. पन ग्रामसभेला न विचारता गावातली एक वस्तू उचलून न्यायची प्रथा पडली, तर उद्या माझ्या वाडीची विहीरपन नेतील. माझा विरोध लिवून घ्या." मी तिच्या विरोधात दोनदा मतदान केलंय, गुरू. पण बोलली ते सोळा आणे खरं.

रितेशचं म्हणणं वेगळं. आपल्या चुलतभावाला तू ओळखतोसच. तू येत नाहीस म्हणून आपल्या घराचा पहिला खांदा गेली तीन वर्षं तोच देतो. तो म्हणाला, "आक्का, जाऊंदे ना. पोरांना टीव्हीवर दिसायचं हाय. छपराला निधी मिळंल." पाचसहा पोरांनी माना हलवल्या. वरची वाडी एक बोलते, खालची दुसरं. पुन्हा तेच तीन वर्षांपूर्वीचं सुरू होणार असं दिसलं, आणि मी उठले.

म्हटलं, "भांडता कशाला? देवी तुमची, विचारा तिला. शिमगा लागतो त्या फाकपंचमीला कौल लावा. तिने डावा दिला तर पालखी शीव ओलांडणार नाही, मग मंत्री येवोत की त्यांचे बाप. उजवा दिला तर मी स्वतः पुढे होऊन नेईन. आहे कबूल?"

सगळी सभा म्हणाली, कबूल. तुझा विनीतसुद्धा कोपऱ्यात होता, त्याने तुला फोन लावला आणि तू पण म्हणालास, कबूल. ऐकलं मी. हसत होतास.

हसून घे. पावणाई शीव सोडून कधी गेली नाही, आता तुमच्या कॅमेऱ्यासाठी जाणार होय?

आक्का


आडेवठार, ७ मार्च

गुरू,

पत्र लिहायला उशीर केला. लिहायचंच नव्हतं.

परवा फाकपंचमीला कौल लागला. सगळं गाव देवळात. रघू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "हे आई पावणाई, सरकारने तुला रत्नागिरीत बोलावल्यान हाय. शिवेच्या भायर जायाची तुझी इच्छा असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे." आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" मी तर सगळ्यात मोठ्याने. मला इतकी खात्री होती की घरून निघताना मी चुलीवर तांदळाची खीर ठेवून गेले होते, सगळ्यांना वाटायला.

आणि उजवी पडली. गाऱ्हाणं संपलं न संपलं तोच, टपकन.

रघूने पुन्हा विचारू का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी नको म्हटलं. आपल्याला हवं ते उत्तर येईस्तोवर विचारत राहायचं तर देवीची गरज काय, ते तुमच्या कमिट्यांना चांगलं जमतं.

दोन दिवस मी देवळाकडे फिरकले नाही. रागच आला तिचा. मनात म्हटलं, बाई, तुझ्यासाठी मी गावभर वैर घेतलं, सख्खा भाऊ तोडला, आणि तू सरकारला सामील? खीर तशीच राहिली, शेवटी शेजारच्या पोरांना वाढली. आज सकाळी डोकं शांत झालं तेव्हा कळलं, मी तिला विचारायला गेलेच नव्हते. मी तिला माझ्या बाजूने बोलायला लावायला गेले होते. ती काही माझ्या पक्षाची कार्यकर्ती नाही.

तुझा फोन आला. तीन वर्षांत पहिला. आणि काय बोललास? "बघ आक्का, देवीपण आमच्या बाजूने!" तुझा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्या वाक्याने सुकलं. "आमच्या" म्हणजे कुणाच्या रे? तू जन्मलास तेव्हा तुला आईने पहिला ह्याच देवीच्या पायावर घातला होता. तू आमच्यातला आणि मी कुणातली?

शब्द दिलाय तो मोडणार नाही. पालखी येईल. सरकारने बोलावलं म्हणून नाही, तिने हो म्हटलं म्हणून. आणि तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे हे लक्षात ठेव.

आक्का


आडेवठार, १२ मार्च

गुरू,

विनीतला जे सांगितलं ते तुलाही सांगते, नंतर म्हणू नकोस आक्काने फसवलं.

देवीने "जा" म्हटलंय. टेम्पोत बसून जा असं म्हटलेलं नाही. तेव्हा तुमचा टेम्पो नको. पावणाई माणसांच्या खांद्यावर जाते, अनवाणी माणसांच्या. सकाळी उजाडता निघू, चार वाजायच्या आत पोचायला काही हरकत नाही. विनीतने हिशेब केला आणि म्हणाला, "जमेल मॅडम." मी म्हटलं, "जमेलच."

तुमचे शर्ट आले. कापड चांगलं आहे. देवळाची फरशी पुसायला होतील म्हणून ठेवून घेणार होते, पण साहेबांच्या तोंडावर पाय पडेल म्हणून परत पाठवतेय. मोजून घे.

आणि एक. आपली जी रीत आहे ती शिवेच्या पलीकडेही तीच राहणार. ज्या दारात बाई आरती घेऊन उभी आहे ते दार पावणाई ओलांडत नाही. तिथे थांबते, नाचते, ओटी घेते, मग पुढे. श्रीमंताचं दार असो, खोपट असो. घर कुणाचं हे विचारायचं नाही, आणि घाई करायची नाही. तू सहावीत असताना खांदेकऱ्यांना "चला लवकर" म्हणालास आणि बाबांनी तुला सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं होतं. हे परिपत्रकात नाही म्हणून बदलत नाही.

रस्त्यावर कोण कोण उभं राहील ते मला काय माहीत? ईशाला, म्हणजे रितेशच्या बायकोला, एवढंच सांगितलं की बचतगटाच्या बायकांना कळव, पावणाई रविवारी ह्या वाटेने जाणार. तिच्या मोबाईलवर बायकांचे ग्रुप किती आहेत ते तिलाच ठाऊक. निरोप देणं अजून तरी गुन्हा नाही ना? का त्यालाही परवाना काढू?

आक्का


आडेवठार, १८ मार्च

गुरू,

तू रविवारी फोनवर मला जे बोललास ते मी मनात धरलेलं नाही. पण तू ज्या प्रश्नाचं उत्तर सारखं मागत होतास, "कुठे अडलात? कुणाच्या दारात?", ते मी तेव्हा दिलं नाही. आज सगळं क्रमाने लिहिते. बसून वाच.

उजाडता निघालो. दोन्ही वाड्या एकत्र. शिवेवरच्या दगडाशी पालखी थांबली. कुणाचा पाय पुढे पडेना. रितेश पहिल्या खांद्याला होता, तोच टीव्हीवाला. मला म्हणाला, "आक्का, मला जमत नाय." मी नारळ वाढवला, देवीला म्हटलं, "तू हो म्हटलंस, आता तूच बघ," आणि ओलांडली शीव. काही झालं नाही. उन्हं वर आली, कोंबडा आरवला, बस्स.

पलीकडच्या गावातलं पहिलंच घर. दारात एक म्हातारी खुर्चीत बसवलेली, सुनेच्या हातात आरती. मी ओळखलं नाही. तिनेच हाक मारली, "हौसे, मी मालन गो!" तुकाकाकांची मालन. आपल्या घरामागच्या. लग्न होऊन इथे आली तेव्हा तू पाळण्यात होतास. आता तिचे गुडघे गेलेत, बारा-पंधरा वर्षांत माहेराला येता आलेलं नाही. पालखी तिच्या पुढ्यात टेकवली. तिने रुपांवरून हात फिरवला आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. "बाकीच्या शिमग्याला माहेरी जातात गो, माझ्या दाराशी माझं माहेर आज आलं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही सगळी वाट आपल्या गावच्या माहेरवाशिणींची आहे! पिढ्यान् पिढ्या आपण आपल्या लेकी ह्याच रस्त्याच्या कडेच्या गावांत दिल्या. त्यांना शिमग्याला माहेरी येता आलं तर देवी दिसते, नाही आलं तर नाही. आणि आम्ही शीव शीव करत बसलो. ती उजवी पडली ती तुमच्या मांडवासाठी पडली असं तुला वाटलं, आणि मलाही वाटलं, म्हणून तर मी तिच्यावर रुसले. दोघेही गाढव.

मग थांबायला सुरुवात झाली. दर चार-पाच घरांमागे एक आपली. कुणी माझ्या बरोबरीची, कुणी नातीच्या वयाची. मधल्या घरांतल्या बायका आपल्या नव्हत्या, पण त्याही आरत्या घेऊन उभ्या. कुणाला नाही म्हणणार? गाऱ्हाणी घातली, सगळी, पूर्ण. कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाला मूल नाही, कुणाचा नवरा जयगडला बंदरात कामाला आहे त्याला सुखी ठेव. तुमच्याकडे वेळ नव्हता ना गाऱ्हाण्याला? तिच्याकडे होता.

आपला विनीत सकाळी बूट घालून जीपमध्ये होता. दुसऱ्या गावात जीपमधून उतरला. तिसऱ्यात बूट हातात घेतले. मग एका वळणावर खांदेकरी दमले तर मला विचारतो, "मॅडम, मी धरू का?" मी म्हटलं, "तू प्रशासक आहेस." तर म्हणाला, "आज रविवार आहे." धरला त्याने खांदा. त्याच्यावर कारवाई वगैरे केलीस तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते.

तुझे फोन येत होतेच. आधी गोड, मग कडक. चार वाजले तेव्हा आम्ही नुकते शहरात शिरत होतो. "आक्का, छत्तीस पालख्या झाल्या, साहेब सदतीसची वाट बघतायत, त्यांना विमान गाठायचंय." मी म्हटलं, "येतो आहोत, दारं घेत." तू म्हणालास, "दारं पुरे! सरळ या!" मी फोन ठेवला. सरळ कसं येणार, रस्ताच वळणांचा.

साडेचारच्या सुमाराला एका इमारतीच्या फाटकात पालखी थांबली. फाटकात एक बाई उभी, नऊवारी नेसलेली, हातात आरती, बाजूला दहा-अकरा वर्षांची मुलगी ओटीचं ताट घेऊन. आमच्यातल्या कुणी त्यांना निरोप दिला नव्हता. ईशाला मी खास बजावलं होतं, तिथे कळवू नकोस, तिचं घरात उगाच वाकडं होईल. पण कुठून तरी कळलं असेल, बायकांना कळतं.

पालखी फाटकात नाचली. रितेश, विनीत, वरची वाडी, खालची वाडी. ढोल असा वाजला की वरच्या मजल्यांवरून माणसं खाली आली. मग पालखी टेकवली. रघूने रीतीप्रमाणे विचारलं, "यजमान कुठं हायत? घरच्या यजमानाचा नारळ लागतो."

ती म्हणाली, "कामावर गेलेत. येतील. थोडं थांबाल?"

थांबलो. यजमानासाठी पालखी थांबते, ही रीत आहे. आपल्या गावात रानात गेलेल्या माणसाला हाक मारून आणतात, तोवर देवी दारात बसते. तशी बसली.

तेवढ्यात तुझा फोन. मी उचलला, ढोलाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ईशाने तो बटण दाबून मोठ्याने केला. तू ओरडत होतास. "आता कुणाच्या दारात बसलात? साहेब निघाले! माझी नोकरी जाईल, आक्का! त्या लोकांना सांग, बाजूला व्हा म्हणावं! कोण आहेत ते? नाव सांग, बघतो त्यांच्याकडे!"

ढोल तोवर थांबला होता, गुरू. सगळ्यांनी ऐकलं.

दीपालीने ऐकलं. आरतीचं ताट तिने खाली ठेवलं नाही. मला नुसती मान हलवून सांगितलं, नाव सांगू नका. आणि सानवी माझ्या पदराला धरून म्हणाली, "आत्या, बाबा कुणाला बघणार आहेत? बाबांना माहीत नाही का, हे आपलंच घर आहे?"

मी तुझा फोन बंद केला. तिला काय सांगू? म्हटलं, "बाय माझे, बाबा लांब आहेत ना, त्यांना दिसत नाही."

अंधारून येईपर्यंत देवी तुझ्या दारात बसली होती. तू मांडवात तिची वाट बघत होतास आणि ती तुझ्या दारात तुझी. मग ओटी घेऊन उठलो. मैदानात पोचलो तेव्हा खुर्च्या एकावर एक रचत होते. साहेब गेलेले, कॅमेरा गेलेला, तूही गेलेला, म्हणे साहेबांच्या मागोमाग विमानतळावर. झाडलोट करणाऱ्या चार बायका होत्या. त्यांनी हात धुतले आणि ओटी भरली. त्यांचं गाऱ्हाणं घातलं आणि परत फिरलो.

आता पुढचं. काल ग्रामसभा झाली. दोन्ही वाड्यांनी ठरवलं, पहिला नारळ दोघांनी मिळून धरायचा आणि मिळून वाढवायचा. भांडणच मिटलं, तर प्रशासक कशाला? आम्रपालीने तसा ठराव मांडला, एकमताने झाला. दुसरा ठराव, दर तिसऱ्या वर्षी पावणाई माहेरवाशिणींच्या वाटेने जाणार, त्याची परवानगी आम्ही कुणाकडे मागणार नाही. सोमवारी मी आणि आम्रपाली ठराव घेऊन तुमच्या कार्यालयात येतोय. घेतला नाहीत तर तिथेच बसू. तीस वर्षं पक्षासाठी सतरंज्या घातल्या, एक माझ्यासाठी घालेन. मी पक्ष सोडणार नाही, तेही साहेबांना सांग. सोडून जायचं असेल तर त्यांनी जावं, मी जे ऐकून आले होते तिथेच उभी आहे.

आणि दीपालीवर आवाज चढवू नकोस. तिने कुणाचं ऐकून काही केलं नाही. मी विचारलं तिला निघताना, का उभी राहिलीस? म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनीच सांगितलं होतं, आमची देवी दारात आल्याशिवाय आमचा शिमगा होत नाही. चार शिमगे झाले नव्हते, आक्का."

यजमानाचा नारळ तिने दिला नाही. तो तुझा आहे म्हणून ठेवलाय, तुमच्या देव्हाऱ्यात असेल. तू बघितला असशील, कुठून आला विचारलं नसशील. तो तिथे वाढवायचा नाही. शिवेच्या आत आणून द्यायचा, तुझ्या हाताने. गाडी फाट्यावर ठेव आणि पुढे चालत ये. रस्ता खराब आहे, दगड बोचतील.

चपला घालू नकोस.

आक्का